संगणक जाळ्यातील स्विच : विन्यास व त्याचे जतन

संगणक जाळ्यात एका द्वारातून आलेला संदेश ज्या यंत्रासाठी असेल, नेमका त्याच यंत्राच्या द्वाराकडे पाठविणाऱ्या साधनाला स्विच म्हणतात. विजेच्या बटणाशी त्याचे नामसाम्य असले, तरी त्याचे कुळ दूरध्वनी केंद्रातील जोडणी यंत्रांचे आहे. कोणते द्वार कोणत्या विभागासाठी आहे, कोणाला कोठे मज्जाव आहे, कोणता मार्ग मुख्य व कोणता राखीव आहे, व्यवस्थापकाने कोणत्या परवलीच्या शब्दाने प्रवेश करावयाचा आहे इ. बाबी मोठ्या स्विचला आज्ञांच्या रूपाने सांगाव्या लागतात. या आज्ञांच्या समुच्चयाला विन्यास (रूढ भाषेत कॉन्फिगरेशन) अशी संज्ञा आहे. रुग्णालय, बँक वा विद्यापीठ यांच्या मुख्य स्विचमधील विन्यास शेकडो ओळींचा असतो व तो अनेक वर्षांत, अनेकांच्या हातून साठत गेलेला असतो. यंत्र निकामी झाल्यास दुसरे विकत आणता येते. विन्यास बाजारात मिळत नाही. त्यामुळे तो कोठे ठेवावयाचा, त्याची प्रत कोणाजवळ असावी आणि ती खरी कशी मानावयाची, हे प्रश्न या साधनाच्या इतिहासात प्रारंभापासून आढळतात.

पूर्वपीठिका : कॅनझस सिटी येथे अंत्यविधींची व्यवस्था करण्याचा व्यवसाय असलेले ऑल्मन ब्राउन स्ट्रोजर यांना स्वयंचलित दूरध्वनी जोडणी यंत्राचे एकस्व १८९१ मध्ये मिळाले आणि १८९२ मध्ये इंडियाना राज्यातील ला पोर्ट येथे त्या तत्त्वावरील पहिले सार्वजनिक केंद्र सुरू झाले [→ दूरध्वनिविद्या]. अशा केंद्रांत कोणता ग्राहक कोणत्या क्रमांकावर आहे, हे वितरण चौकटीवरील तारांच्या जोडण्यांनी ठरत असे. विन्यास म्हणजे प्रत्यक्ष तार होती. ती डोळ्यांना दिसे, वीज गेली तरी जागच्या जागी राही आणि ती बदलावयाची तर माणसाला हातात पकड घेऊन चौकटीपुढे उभे राहावे लागे. वितरण चौकटीला लागलेली आग हे तिच्यावरचे सर्वांत मोठे संकट मानले जाई.

हे चित्र पालटण्यास १९६५ मध्ये न्यू जर्सी राज्यातील सकासना येथे बेल कंपनीचे पहिल्या क्रमांकाचे इलेक्ट्रॉनीय केंद्र सुरू झाले तेव्हा आरंभ झाला. या केंद्राचे कार्य स्मृतीत साठविलेल्या आज्ञावलीनुसार चाले. आज्ञावली व ग्राहकांविषयीची स्थिर माहिती ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवर बसविलेल्या सूक्ष्म चुंबकांच्या रूपाने ठेवलेली असे. एखाद्या ग्राहकाच्या जोडणीत बदल झाला, तर तो प्रथम तात्पुरत्या स्मृतीत नोंदवीत व काही काळाने पत्रे बाहेर काढून त्यांवर नव्याने चुंबकन करीत. मधल्या काळात केंद्र तात्पुरत्या नोंदींच्या आधारे बिनचूक चाले, परंतु कायम नोंद मात्र जुनीच असे. पुढे संगणक जाळ्यांच्या स्विचमध्ये जी अडचण सर्वपरिचित झाली, तिचे बीज येथे स्पष्ट दिसते.

ईथरनेट व सेतू : झेरॉक्स कंपनीच्या पॅलो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी मे १९७३ मध्ये ईथरनेटची कल्पना एका टिपणात मांडली व डेव्हिड बॉग्ज यांच्या साहाय्याने ती प्रत्यक्षात आणली. सर्व संगणक एकाच समाक्ष केबलला जोडलेले असत आणि एकाने उच्चारलेला संदेश सर्वांना ऐकू जाई. या रचनेत विन्यास असा जवळजवळ नव्हताच. प्रत्येक यंत्राला कारखान्यातच मिळालेला ४८ द्विमान अंकांचा पत्ता पुरेसा होता. १९८० मध्ये डिजिटल, इंटेल व झेरॉक्स या तीन कंपन्यांनी दर सेकंदास एक कोटी द्विमान अंक वाहून नेणाऱ्या ईथरनेटचे विनिर्देश प्रसिद्ध केले आणि कचेऱ्यांतून त्याचा प्रसार होऊ लागला.

यंत्रांची संख्या वाढली तशी एका केबलवरची गर्दी असह्य होऊ लागली. डिजिटल कंपनीत मार्क केम्फ यांनी विकसित केलेल्या सेतूने दोन केबली अशा रीतीने जोडल्या की, एका बाजूचे आपसांतील संभाषण दुसऱ्या बाजूस जाऊ नये. सेतू येणाऱ्या प्रत्येक संदेशातील प्रेषकाचा पत्ता वाचून, तो कोणत्या बाजूस आहे याची सारणी स्वतःच तयार करी आणि काही मिनिटे ज्याचा आवाज आला नाही त्याचे नाव सारणीतून काढून टाकी. परंतु दोन ठिकाणांमध्ये दोन सेतू बसविले, तर संदेश वर्तुळात फिरत राहून सारे जाळे क्षणार्धात कोंडून जाई. रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रीतीने हा पेच सुटला. तीनुसार सर्व सेतू आपसांत एक मूळ सेतू निवडतात, त्याच्यापासून वृक्षासारखी एकच निर्वर्तुळ रचना ठरवितात आणि उरलेल्या वाटा राखीव म्हणून बंद ठेवतात. १९९० मध्ये ही रीत आंतरराष्ट्रीय विद्युत् अभियंत्यांच्या आय-ट्रिपल-ई या संस्थेच्या मानकात समाविष्ट झाली.

सेतूच्या निर्मात्यांना विशेष अभिमान होता तो त्याला काहीच सांगावे लागत नाही याचा. खोक्यातून काढावा, दोन्ही तारा जोडाव्या, काम सुरू. ही सोय खरीच मोठी होती. पण तिची एक किंमत होती आणि ती बरीच उशिरा लक्षात आली. मूळ सेतू कोण, हे सांगितले नसेल तर सर्वांत लहान पत्त्याचे यंत्र मूळ ठरते आणि एकाच निर्मात्याच्या यंत्रांत लहान पत्ता बहुधा सर्वांत जुन्या यंत्राचा असतो. परिणामी एखाद्या मोठ्या संस्थेतील सर्व वाहतुकीचा केंद्रबिंदू कोपऱ्यातील कपाटात पडलेला सर्वांत दुबळा स्विच व्हावा, असे प्रसंग वारंवार घडले. काहीही न ठरविणे हादेखील एक विन्यासच असतो, हे अशा वेळी कळून येई.

स्विचचा उदय : १९९० मध्ये कॅलिफोर्नियातील कल्पना या कंपनीने सात द्वारांचा ईथरस्विच बाजारात आणला. कंपनीच्या संस्थापकांपैकी विनोद भारद्वाज हे भारतीय वंशाचे असून कंपनीचे नावही भारतीय आहे. तत्त्वतः हे साधन अनेक द्वारांचा सेतूच होते. परंतु संपूर्ण संदेश हाती येण्याची वाट न पाहता, प्रारंभीचा पत्ता वाचताच तो पुढे ढकलण्याची त्याची पद्धत अतिशय वेगवान होती व एकाच वेळी अनेक जोड्यांचे संभाषण त्यातून चाले. सिस्को कंपनीने १९९३ मध्ये क्रेसेंडो, १९९४ मध्ये कल्पना व १९९५ मध्ये ग्रँड जंक्शन या स्विचनिर्मात्या कंपन्या विकत घेतल्या. दूरध्वनीसारख्या पीळदार तारांच्या केबलींनी समाक्ष केबलीची जागा याच सुमारास घेतली आणि प्रत्येक संगणकाला स्विचचे स्वतंत्र द्वार मिळू लागले.

सविस्तर विन्यासाची गरज खऱ्या अर्थाने निर्माण केली ती आभासी जाळ्यांनी. एकाच स्विचची काही द्वारे लेखा विभागाची, काही ग्रंथालयाची, काही पाहुण्यांची, अशी वाटणी करून त्यांना परस्परांपासून अलग ठेवणे शक्य झाले. १९९८ मध्ये यासाठी मानक ठरले. त्यानुसार संदेशाला चार बाइटांची चिठ्ठी जोडली जाते. तिच्यातील बारा द्विमान अंकांत जाळ्याचा क्रमांक असतो आणि त्यामुळे ४,०९४ क्रमांक वापरता येतात. पूर्वी ज्या विभागणीसाठी भिंतीतून वेगळी तार ओढावी लागे, ती आता एका ओळीच्या आज्ञेने होऊ लागली. तार दिसते, आज्ञा दिसत नाही. विन्यासाची नोंद ठेवण्याचा प्रश्न येथून गंभीर झाला.

दोन स्मृती : नव्या स्विचला पहिल्या आज्ञा देण्यासाठी त्याच्या नियंत्रण द्वाराला संगणक एका विशिष्ट केबलने जोडतात. ही जोडणी जुन्या दूरमुद्रकांच्या परंपरेतील असून कित्येक यंत्रांत तिचा वेग आजही दर सेकंदास ९,६०० द्विमान अंक इतकाच असतो. स्विचला नाव, पत्ता व परवलीचा शब्द दिला की, पुढील काम जाळ्यातूनच करता येते.

सिस्कोच्या बहुसंख्य स्विचांत दिलेली आज्ञा तत्काळ अमलात येते, पण ती केवळ कार्यकारी स्मृतीत राहते. वीज जाताच ही स्मृती पुसली जाते. पुन्हा सुरू होताना स्विच आपला विन्यास वीज नसतानाही टिकणाऱ्या दुसऱ्या स्मृतीतून वाचतो. तेथे तो उतरविण्यासाठी ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ ही वेगळी आज्ञा द्यावी लागते. ती द्यावयाची राहून गेली, तर काहीच बिघडलेले दिसत नाही. जाळे महिनोन्‌महिने उत्तम चालते आणि एखाद्या रात्री वीज खंडित झाली की, सकाळी स्विच जुन्या काळात जागा होतो. ज्याने बदल केला तो तोवर दुसरीकडे गेलेला असतो. याच कंपनीच्या क्रेसेंडो परंपरेतील कॅटलिस्ट स्विचांत मात्र प्रत्येक आज्ञा आपोआप कायम होत असे. त्यामुळे एका प्रकारावर हात बसलेला तंत्रज्ञ दुसऱ्यावर हमखास चुके.

या दोषाचा उपयोग करून घेण्याची युक्तीही तंत्रज्ञांनी शोधली. दूरच्या गावातील स्विचमध्ये धोक्याचा बदल करण्यापूर्वी ‘दहा मिनिटांनी पुन्हा सुरू हो’ अशी आज्ञा देऊन ठेवीत. बदलामुळे संपर्कच तुटला, तर दहा मिनिटांनी स्विच जतन केलेल्या जुन्या विन्यासासह परत उठे. सर्व ठीक असल्यास पुनरारंभ रद्द करून नवा विन्यास कायम करीत. ज्युनिपर कंपनीने १९९८ पासून आपल्या मार्गनिर्धारक यंत्रांत व पुढे २००८ पासून स्विचांत हीच कल्पना अधिक शास्त्रशुद्ध रीतीने आणली. तीत बदल प्रथम मसुद्याच्या रूपात असतो, मंजुरीची आज्ञा दिल्यावरच अमलात येतो, ठरलेल्या मुदतीत दुजोरा न मिळाल्यास आपोआप मागे घेतला जातो आणि मागील एकोणपन्नास आवृत्त्या यंत्रातच राहतात. मसुदा, चालू व प्रारंभीचा विन्यास हे भेद नेटकॉन्फ या २००६ मधील इंटरनेट मानकानेही मान्य केले.

यंत्राबाहेरील प्रत : यंत्राच्या स्मृतीतील जतन हे यंत्र जिवंत असेपर्यंतचे. विजेच्या लोळाने स्विचच जळाला, तर त्यातील दोन्ही स्मृती एकदमच नष्ट होतात. म्हणून विन्यासाची प्रत दुसऱ्या संगणकावर ठेवणे आवश्यक असते. या कामासाठी दीर्घकाळ वापरली गेलेली पद्धती म्हणजे टीएफटीपी होय. तिचा विनिर्देश मॅसॅचूसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील कॅरेन सॉलिन्स यांनी १९८१ मध्ये लिहिला. १९९२ मध्ये तो सुधारून पुन्हा प्रसिद्ध झाला. फाईल ५१२ बाइटांच्या तुकड्यांत पाठवावयाची व प्रत्येक तुकड्याची पोच आल्याखेरीज पुढचा पाठवावयाचा नाही, इतका तिचा व्यवहार सरळ आहे. ती अगदी अल्प स्मृतीत मावते, म्हणूनच स्विचांत तिला जागा मिळाली. मात्र तिच्यात परवलीचा शब्द नाही आणि गुप्तताही नाही. मागेल त्याला फाईल मिळते व वाटेत कोणीही ती वाचू शकतो. विन्यासात स्वतः परवलीचे शब्द असतात. काही स्विचांत ते ज्या जुन्या रीतीने झाकलेले असतात, ती रीत उलटवून मूळ शब्द काढणारी आज्ञावली १९९५ मध्येच उपलब्ध झाली होती. निष्काळजीपणे ठेवलेली विन्यासाची प्रत ही त्यामुळे संपूर्ण जाळ्याची किल्लीच ठरते. फिनलंडमधील तातू इलोनेन यांनी १९९५ मध्ये तयार केलेल्या एसएसएच या सांकेतिकरण पद्धतीवर आधारलेली साधने पुढे या कामी आली. असे असूनही टीएफटीपी पूर्णपणे मागे पडलेली नाही.

सुबोध मजकुराच्या स्वरूपातील विन्यासाचा एक लाभ अनपेक्षित होता. १९९० च्या दशकाच्या अखेरीस पुढे आलेल्या रॅन्सिड या मुक्त आज्ञावलीने प्रत्येक यंत्रात ठराविक वेळी प्रवेश करून विन्यास उतरवून घेण्याचे, आधीच्या प्रतीशी ओळीओळीने ताडून पाहण्याचे आणि फरक व्यवस्थापकाला पत्राने कळविण्याचे काम अंगावर घेतले. जुन्या आवृत्त्या सांभाळण्यासाठी आज्ञावलीकारांची सीव्हीएस ही व्यवस्था तिने उसनी घेतली होती. एक प्रत हाताशी असणे आणि सर्व प्रतींची कालक्रमाने लावलेली मालिका असणे यांत मोठे अंतर आहे. जाळे मंगळवारपासून मंद का झाले, याचे उत्तर कित्येकदा सोमवार व मंगळवार यांच्या प्रतींतील एका ओळीच्या फरकात सापडते. त्यासाठी स्विचचे घड्याळ बरोबर असावे लागते. सिस्कोची अनेक यंत्रे वेळ न सांगितल्यास १ मार्च १९९३ पासून काळ मोजू लागतात व त्यांच्या नोंदी निरुपयोगी ठरतात. भारतात सर्ट-इन या शासकीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निदेशांनुसार संस्थांना आपल्या यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय सूचना केंद्र वा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या कालसेवेशी जुळविणे व नोंदी १८० दिवस राखणे बंधनकारक झाले.

प्रतीच्या मर्यादा : प्रत आहे म्हणजे यंत्र पूर्ववत करता येईल, असा समज सार्वत्रिक असला, तरी तो तपासून घ्यावा लागतो. सिस्कोच्या पुष्कळ स्विचांत आभासी जाळ्यांची यादी मुख्य विन्यासात नसून व्हीलॅन-डॅट नावाच्या वेगळ्या फाईलीत असते. केवळ मजकुराची प्रत घेणाऱ्यास नव्या स्विचवर द्वारांची वाटणी मिळते, पण ज्या जाळ्यांत ती वाटली ती जाळीच अस्तित्वात नसतात. एसएसएचच्या गुप्त किल्ल्या व प्रमाणपत्रे यांची गोष्टही अशीच. शिवाय जुनी प्रत चालू स्विचवर उतरविल्यास ती तेथील विन्यासाची जागा न घेता त्यात मिसळते. नव्याने शिरलेली चुकीची ओळ प्रतीत नसली, तरी यंत्रात राहून जाते. बदली स्विच नव्या नमुन्याचा असल्यास द्वारांची नावेही बदललेली असतात. प्रत खरी आहे की नाही, हे ती दुसऱ्या यंत्रावर उतरवून पाहिल्यावरच ठरते आणि ही तालीम फारच थोड्या संस्था करतात.

आभासी जाळ्यांची यादी सर्व स्विचांवर आपोआप पसरविण्यासाठी सिस्कोने व्हीटीपी ही पद्धती काढली. यादीत बदल होताच तिचा आवृत्तिक्रमांक एकाने वाढतो आणि ज्या यादीचा क्रमांक मोठा, ती सर्व स्विच खरी मानतात. प्रयोगशाळेत चाचणीसाठी वापरलेल्या एखाद्या जुन्या स्विचवर पुष्कळ वेळा बदल झालेले असल्याने त्याचा क्रमांक मोठा होतो. असा स्विच, त्याचे क्षेत्रनाम व परवलीचा शब्द तेच असता, पुन्हा जाळ्यात जोडला की, त्याची तोकडी यादी साऱ्या संस्थेवर पसरते. जी आभासी जाळी तीत नाहीत ती पुसली जातात व त्यांची द्वारे मुकी होतात. येथे कोणतेही यंत्र बिघडलेले नसते, प्रत्येक स्विच नियमाप्रमाणेच वागलेला असतो. नवेपणा म्हणजेच खरेपणा असे गृहीत धरल्याचा हा परिणाम होय. तिसऱ्या आवृत्तीत, नेमून दिलेल्या मुख्य स्विचखेरीज इतरांस यादी बदलता येणार नाही, अशी दुरुस्ती करण्यात आली. तोवर अनेक अनुभवी तंत्रज्ञांनी ही पद्धती बंद ठेवणेच पसंत केले होते.

दोन घटना : बॉस्टन येथील बेथ इझ्रायल डीकनेस वैद्यकीय केंद्राचे जाळे १३ नोव्हेंबर २००२ रोजी कोलमडले व सुमारे चार दिवस रुग्णालयाला कागदी नोंदींवर काम करावे लागले. संस्थांच्या एकत्रीकरणामुळे जाळे टप्प्याटप्प्याने वाढत गेले होते आणि पर्लमन यांच्या रीतीला मानवेल त्यापेक्षा अधिक स्विच एकापुढे एक जोडले गेले होते. मोठ्या प्रमाणावरील माहितीच्या वाहतुकीने तोल गेला व संदेश वर्तुळात फिरू लागले. औषधांच्या चिठ्ठ्या व तपासण्यांचे निकाल माणसांकरवी पोचवावे लागले. तरुण डॉक्टरांपैकी अनेकांनी कागदावर असे काम पूर्वी केलेलेच नव्हते. रुग्णालयाच्या माहिती विभागाचे प्रमुख जॉन हॅलम्का यांनी घडलेला प्रकार न लपविता प्रसिद्धपणे मांडला आणि जाळ्याचे ज्ञान एकाच व्यक्तीपाशी साठू देऊ नये, हा त्यातील एक धडा सांगितला. त्यांच्या या स्पष्टपणामुळे ही घटना पुढे या क्षेत्रातील पाठ्य उदाहरण बनली.

दुसरी घटना हेतुपुरस्सर घडविलेली होती. दूरच्या कचेरीत नवा स्विच नुसता जोडला, तरी त्याला विन्यास व आज्ञावली आपोआप मिळावी, यासाठी सिस्कोने स्मार्ट इन्स्टॉल ही सोय दिली होती. ती वापरण्यासाठी ओळख पटविण्याची अट नव्हती. मार्च २०१८ च्या अखेरीस तिच्यातील एका गंभीर दोषाची सूचना प्रसिद्ध झाली आणि इंटरनेटवरून पोचता येतील अशी १,६८,००० हून अधिक यंत्रे आढळल्याचे कंपनीच्या संशोधकांनी ५ एप्रिल रोजी सांगितले. लगोलग ६ एप्रिल रोजी अनेक देशांतील स्विचांचा विन्यास पुसला जाऊन त्या जागी अमेरिकेच्या ध्वजाचे अक्षरचित्र व निवडणुकांत ढवळाढवळ न करण्याची ताकीद उमटली. इराणमध्ये सुमारे ३,५०० स्विचांना झळ पोचल्याचे तेथील दूरसंचार मंत्र्यांनी जाहीर केले. यंत्रे शाबूत होती. फक्त त्यांना काय करावयाचे ते आठवत नव्हते. अशा प्रसंगी ज्यांच्यापाशी विन्यासाची प्रत यंत्राबाहेर होती त्यांना ती उतरवून काम सुरू करता येते. इतरांवर द्वारामागून द्वार आठवून लिहिण्याची पाळी येते.

अलीकडील प्रवाह : २०१० नंतरच्या काळात मोठ्या माहिती केंद्रांत विन्यासाचे मूळ स्थानच बदलत गेले. तेथे विन्यास प्रथम यंत्राबाहेर, आवृत्त्या राखणाऱ्या भांडारात लिहिला जातो, दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घेतला जातो आणि मग शेकडो स्विचांवर एकदम पाठविला जातो. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेली यांग ही वर्णनभाषा या कामी वापरतात. या व्यवस्थेत भांडारातील लेख मूळ व स्विचमधील मजकूर त्याची नक्कल ठरते. रात्री घाईत कोणी थेट स्विचवर केलेला बदल पुढील फेरीत पुसला जातो, याची तंत्रज्ञांना प्रारंभी चीड येई. लहान संस्थांत मात्र अजूनही स्विच हेच मूळ असते व प्रत घेणे एखाद्याच्या सवयीवर अवलंबून राहते. घरे व दुकाने यांसाठी विकल्या जाणाऱ्या पाच वा आठ द्वारांच्या साध्या स्विचांना विन्यासच नसतो. ते १९८० च्या दशकातील सेतूंप्रमाणे पत्ते स्वतः शिकतात आणि वीज गेली की विसरतात.